सात नंबरचं झाड

प्रणवने चिंचणीच्या वाडीतला चिकू ब्लॉकचेनवर चढवला. कुठल्या झाडावरून कोणी किती फळं उतरवली आणि पेटीत कोणी किती भरली, ते रोज फोनवर नोंदवायचं. पेटीवरचा कोड स्कॅन केला की गिऱ्हाइकाला सगळं दिसायचं. "एकदा नोंद झाली की कुणाच्या बापाला पुसता येत नाय," तो बापालाच, नरहरीला, ऐटीत सांगायचा.

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून नरहरीला शिडी बंद होती. "मी कशाला चढतो? गडी चढतात," असं तो बायकोला शपथेवर सांगायचा आणि नोंदीत मात्र खरं नाव घालायचा. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला काय ठाऊक नरहरी कोण!

मग त्याची बायको मंदा बोईसरला बहिणीकडे गेली. तिथे दिसलेल्या आपल्याच वाडीच्या चिकूच्या पेटीवरचा कोड तिने सहज स्कॅन केला आणि तशीच तडक घरी आली.

"सात नंबरचं झाड, उतरवणारा नरहरी! सलग नऊ दिवस! आता बोला!"

नरहरी ओशाळला. मग चष्मा लावून तो तिच्या फोनवर पुढचं वाचू लागला. "उतरवली एकशे वीस. भरली एकशे सोळा. भरणारी मंदा." त्याने मान वर केली. "रोज चार फळं कमी हायत गं. आणि तुला तर डॉक्टरने गोड बंद केलंय ना?"

मंदाने चटकन तांदळाच्या डब्याकडे पाहिलं. कालचे चार त्यातच पिकत होते.



"प्रणव," ती शेजारी बसलेल्या पोराला हळूच म्हणाली, "पुसता येत नाय म्हणजे... अगदीच नाय का रे?"