निरीक्षक क्रमांक दोन

"मी इसहाक. निरीक्षक," फाटकापाशी उभा असलेला माणूस म्हणाला. "नूतनबाई तुम्हीच ना?"

नूतनबाईंनी मान हलवली. सारी नोकरी काशीदच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली, पण निरीक्षक म्हटलं की अजूनही त्यांचा हात आधी पदर सारखा करायला जायचा. शाळा सुटली, धाक काही सुटला नव्हता.

आणि या खेपेला धाक वाटायला कारणही होतं.

तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी बाई कितीतरी वर्षं घेत होत्या. खाऱ्या हवेनं त्यांच्या दुर्बिणीच्या भिंगांना बुरशी धरली, आणि तारे साबणाच्या पाण्यातून पाहावेत तसे दिसू लागले. हौशी निरीक्षकांना छोटी अनुदानं देणारा एक न्यास होता. बाईंनी दोनदा अर्ज केला, दोनदा तो परत आला. शेरा एकच: निरीक्षक एकटाच आहे. एकानं पाहिलं ते मत, दोघांनी पाहिलं ती नोंद, असा न्यासाचा नियम. अर्जात तशा जागाच होत्या, निरीक्षक क्रमांक एक आणि निरीक्षक क्रमांक दोन.

दुसरा आणायचा कुठून? गावात विचारून झालं. घरोघरी पर्यटक उतरलेले, वर बघायला सवड कुणाला? ठरल्या दिवशी तारा मंदावला की बाई अंगणात एकट्याच म्हणायच्या, "मंदावला बरं का." हो म्हणायला कुणी नसायचं. दुर्बिणीपेक्षा तेच बाईंच्या मनाला जास्त लागायचं.

शेवटी तिसऱ्या अर्जात त्यांनी दुसऱ्या जागी बेधडक लिहून टाकलं: रंगू.

रंगू ही त्यांची मांजर.

"या ना, बसा," बाई म्हणाल्या. आवाज नको तितका गोड निघाला.

पाहुणा साठीच्या पुढचा, दाढी पांढरी, बोलणं इकडचंच. न्यासानं जवळपासचा माणूस नेमला असेल, प्रवासभत्ता वाचला, असं बाईंनी ताडलं. हातातली फाईल त्यानं छातीशी धरली होती.

"न्यासाशी फोनवर बोललो," तो म्हणाला. "त्यांनीच तुमचं नाव सांगितलं."

बाईंना आणखी काही ऐकायची गरज उरली नाही.

चहा झाला तोवर काळोख पडला. पाहुणा अंगणात उतरला. "दिवा घालवू का?" असं विचारत त्यानं ओटीवरचा दिवा घालवूनही टाकला. खिशातून टॉर्च काढला, त्याच्या काचेवर लाल जिलेटिन कागद चिकटवलेला. फणसाडच्या डोंगरावर ययाती तारकासमूह चढून आला होता. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला.

"आकाश हाय तुमच्याकडं," तो म्हणाला. "आमच्याकडलं दिव्यांनी पार धुऊन नेलं."

"नोंदी दाखवू का?"

"नोंदी मागाहून. आज गूल मंदावायचा दिवस ना?"

ययातीतल्या अल्गोल ताऱ्याला त्याच्या मूळ अरबी नावानं हाक मारणारा हा पहिलाच भेटला. असले निरीक्षक शाळेला का नाही मिळाले, असं बाईंच्या मनात येऊन गेलं.

"शेजारच्या ताऱ्याएवढाच झालाय," तो म्हणाला.

"मलाही तसाच दिसतोय," बाई बोलून गेल्या. इतकं साधं वाक्य, पण त्या अंगणात ते आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

पाहुणा घुटमळला. "बाई, एक विचारायचं होतं. निरीक्षणाला तुमच्यासंगती दुसरं कोण हाय का?"

आलं! चोराच्या मनात चांदणं.

"आहे ना," बाई म्हणाल्या. "रंगू."

पाहुण्याचा चेहरा उतरला. खोटं त्याला तिथल्या तिथे कळलं, बाईंना वाटलं.

"रोज असते?"

"रोज. अगदी माझ्या पायाशी."

"नजर चांगली हाय?"

"अंधारात तिच्याइतकं कुणालाच दिसत नाही." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

"नशीब तुमचं," तो हळूच म्हणाला. फाईल उघडायला गेलेला हात त्यानं मागे घेतला. "मग माझं काम झालंच. मुरूडची शेवटची एसटी गाठतो."

नोंदी न बघताच निघाला म्हणजे अर्ज बुडाला. बाई मुकाट्यानं त्याला फाटकापर्यंत सोडायला गेल्या. तेवढ्यात कुंपणावरून उडी पडली, आणि शेपटी ताठ करून मांजर पाहुण्याच्या पायांत घोटाळू लागली. तो वाकला, त्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"ग्वाड हाय. नाव काय हिचं?"

मनी म्हणता आलं असतं. चिंगी म्हणता आलं असतं. पण खोटं बोलणाऱ्या पोरांना बाईंनी जन्मभर बाकावर उभं केलं होतं.

"रंगू," बाई म्हणाल्या.

पाहुण्याचा हात मांजरीच्या पाठीवर तसाच थांबला.

"खोटं लिहिलं मी अर्जात," बाई म्हणाल्या. आता थांबणं त्यांच्या हाती नव्हतं. "दुसरं कुणी नाही. मी एकटी बघते, एकटीच लिहिते आणि बरोबर आहे की चूक तेही स्वतःलाच विचारते. कंटाळा आला हो त्याचा. आज तुम्ही शेजारी उभं राहून बघितलंत, बरं वाटलं. आता खुशाल लिहा तुमच्या अहवालात, साहेब."

तो फाटकाकडे पाठ करून परत आला आणि ओटीच्या पायरीवर बसला. फाईल उघडून त्यातला कागद त्यानं बाईंच्या हाती दिला, वर लाल उजेड धरला. बाईंना तो अर्ज ओळखीचा होता. अक्षर मात्र त्यांचं नव्हतं, आणि खालची दुसऱ्या निरीक्षकाची जागा कोरी होती.

"कसला अहवाल, बाई?" तो म्हणाला. "मी न्यासाचा नाय. मी आगरदांड्याचा निरीक्षक हाय, क्रमांक एक."