टाकीचं बटण

"दोन्हीकडे चॅनेल सारखं, पत्ता सारखा. मग बोलत का नाहीत मेली?" सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन रेडिओ मॉड्यूल शेजारी शेजारी पडली होती. प्रत्येकाला बोटभर अँटेना, एक बटण, एक लाल दिवा. इकडचं बटण दाबलं की तिकडचा दिवा लागायला हवा. सकाळपासून एकदाही लागला नव्हता. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात बसून जगाची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला ही दोन चिमुरडी दाद देत नव्हती.

"गच्चीवरच्या टाकीसाठी आहे," त्यांनी चौथ्यांदा सांगितलं. "टाकी भरली की इथे कळेल."

सून जुन्या वर्तमानपत्रात कप गुंडाळून खोक्यात रचत होती. तिचा नवरा चारला टेम्पो घेऊन यायचा होता. रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला दोघांनी दोन खोल्या घेतल्याचं सांगितलं, त्याला आठवडा झाला. तेव्हापासून सासूबाई वायर, बॅटरी आणि भाजी एवढंच बोलत होत्या. "जा" म्हणाल्या नव्हत्या, "नको"ही म्हणाल्या नव्हत्या. खोकी भरली, पण त्या एका शब्दावाचून सुनेचा पाय निघत नव्हता.

"आई, टाकीत बटण कोण दाबणार?"

चष्मा पुन्हा डोळ्यांवर आला. "तू ती वायर धर. नसत्या चौकशा नकोत."

सुनेने एक मॉड्यूल हातात घेऊन त्याची वायर धरली. "बरं, किती वेळा दाबायचं टाकीने?"

"एकदा म्हणजे सगळं ठीक. दोनदा म्हणजे चहा टाकलाय."

"टाकी चहा टाकते?"

"माझी टाकी आहे. वाटेल ते करेल."

"आणि तीनदा?"

"तीनदा काही नाही. उगाच दाबत बसायचं नाही, बॅटरी उतरते."

खाली हॉर्न वाजला. सुनेने हातातलं मॉड्यूल कपांच्या खोक्यावर ठेवलं, खोकं उचललं आणि निघाली. सासूबाई पाठमोऱ्याच राहिल्या. बाहेरच्या जिन्याच्या शेवटच्या वळणावर खोकं घसरायला लागलं, म्हणून सुनेने ते हनुवटीने दाबून धरलं.

टेबलावरचा दिवा लागला.

"अगं थांब! हलू नकोस!" सासूबाई धावत खिडकीशी गेल्या. "आत्ता काय केलंस?"

"काही नाही हो! हनुवटी टेकली!"

"ती बटणावर टेकली! पुन्हा दाब!"

पुन्हा लागला. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा, पूर्ण ताकदीवर ठेवली होती मी, आणि एकमेकांच्या उरावर! कानाला तोंड लावून ओरडल्यावर कुणाला काय ऐकू येणार?"

सून टेम्पोजवळ पोहोचली. खोकं नवऱ्याच्या हातात देऊन तिने मॉड्यूल वर धरलं. "लागतोय?"

"लागतोय. अजून लांब जा."

सून जागच्या जागी थबकली. मान वर करून तिने खिडकीकडे पाहिलं. "काय म्हणालात, आई?"

सासूबाईंनी खिडकीचा गज धरला होता. शब्द स्वच्छ आला. "लांब जा म्हटलं. तुमच्या दारापर्यंत जा. तिथून कसं येतंय ते बघायचंय मला."

सून टेम्पोत बसली नाही. चालत निघाली. प्रत्येक खांबाशी थांबून बटण दाबायची, की स्वयंपाकघरात दिवा लागायचा. सायकलवाल्याचं दुकान गेलं, औषधांचं दुकान गेलं, मग वळणावर ती दिसेनाशी झाली. सासूबाई टेबलाशी येऊन बसल्या.

बराच वेळ काहीच आलं नाही. त्यांनी अँटेना सरळ केली. मग वाकडी केली, पुन्हा सरळ केली.

दिवा लागला. विझला. लागला. विझला. लागला.

"वेडी कुठली," सासूबाई दिव्याला म्हणाल्या, "बॅटरी उतरेल ना."

आणि त्यांनी आपलं बटण दाबलं. तीनदा.