धारूरच्या दोन मास्तरांचा अबोला

"गुंडप्पाला सांगा, तुझी पेटी उतरलीय," म्हाळू मास्तर म्हणाले आणि तबल्याच्या कडेला हातोडी मारली.

प्रणिता निरोप घेऊन शेजारच्या खोलीत गेली. गुंडप्पा मास्तर फडक्यानं पेटीच्या पट्ट्या पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"त्याला सांगा, पेटी कधी उतरत न्हाई. तबला चढतो. अन् तबल्यापाशी बसणाराचं डोकं त्याच्याहून लई चढतं."

दोघांच्या मध्ये वीतभर भिंत, पण नऊ वर्षं सगळं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून चाललं होतं. संगीत विद्यालयात नवं कुणी लागलं की त्याच्या गळ्यात आधी हेच काम पडे. प्रणिता आली होती गाणं शिकवायला, आणि जूनपासून नुसती टपाल वाटत होती.

भांडण झालं होतं गणपतीत, भर मांडवात. गुंडप्पा म्हणाले तबला केसभर चढा लागलाय, म्हाळू म्हणाले पेटीच बेसूर हाय. शब्दानं शब्द वाढला आणि दोघं दोन दिशांना निघून गेले. तेव्हा दोघांचे वर्ग एकाच खोलीत भरायचे. विद्यालयाचे अध्यक्ष सुंदरराव पडले भांडणाला भिणारे. घरात भांडी आपटली तरी त्यांना घाम फुटे. त्यांनी आठ दिवसांत शेजारची खोली झाडून घेतली, पंखा बसवला आणि म्हाळू मास्तरांना तिकडं नेऊन बसवलं.

प्रणिताच्या वाट्याला मात्र ओसरी आली. समोर नवा एसटीडी बूथ, त्याला लागून कॅसेटचं दुकान. तिकडं दिवसभर सिनेमाची गाणी, इकडं हिच्या पोरींचा सा. जूनमध्ये अकरा पोरी होत्या, श्रावणात सात उरल्या. "बाई, आमची रुद्राणी घरी येऊन कॅसेटवालंच म्हणती," असं एका आईनं तोंडावर सांगितलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"दसऱ्यापर्यंत पोरी वाढल्या न्हाईत, तर गाण्याचा वर्ग बंद करावा लागंल," सुंदरराव म्हणाले. म्हणजे बीडला परत जायचं आणि बापाच्या किराणा दुकानात साखर जोखत बसायचं.

तिसरी खोली होती. तिच्यात मांडवाचे बांबू आणि मोडके बाक पडले होते. तिनं त्या खोलीसाठी तीन अर्ज केले. सुंदररावांनी तिन्ही वाचले, "पाहू" म्हणाले आणि टेबलाच्या खणात टाकले. त्या खणातून आजवर कुणाला साधी सतरंजीसुद्धा मिळाली नव्हती.

मग तिनं दुसरा डाव मांडला. या दोघांचा समेट झाला तर दोघं एका खोलीत बसतील आणि एक खोली आपसूक मोकळी होईल. तिनं निरोप बदलायला सुरुवात केली.

"म्हाळू मास्तर म्हणतात, गुंडप्पासारखा हात अख्ख्या जिल्ह्यात न्हाई."

गुंडप्पा मास्तरांना जोराचा ठसका लागला. त्यांनी तोंडाला उपरणं लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. "त्याला सांगा, उशिरा का होईना, अक्कल आली."

इकडं म्हाळू मास्तरांना तिनं सांगितलं, की गुंडप्पा मास्तर तुमची तब्येत विचारत होते. त्यांनी डबा पुढं सरकवला. "चटणी घ्या, बाई. शेंगदाण्याची हाय."

चटणी अशी झणझणीत, की डोळ्यांत पाणी आलं. अशीच चटणी सोमवारी गुंडप्पा मास्तरांनी दिली होती, त्यांच्या बायकोच्या, नीलाबाईंच्या हातची. धारूरात चटणीची रीत एकच दिसते, असं म्हणून ती पाणी प्यायली.

आणखी एक गोष्ट तिच्या कानाला खटकत होती. म्हाळू मास्तर सकाळी लवकर येऊन तबला लावत. गुंडप्पा मास्तर तासाभरानं येऊन पेटी उघडत. तरी दोघांचा सूर तंतोतंत एक. कानाची तयारी म्हणायची, दुसरं काय. तिला उलट वाईटच वाटलं. एवढे जुळणारे दोन कान, आणि तोंडं अशी फिरलेली.

भादवा लागला. पोरी पाचावर आल्या.

बाजाराच्या दिवशी विद्यालयाला सुट्टी असे. त्या दुपारी प्रणिता राहिलेली वही न्यायला आली, तर आतून पेटी ऐकू आली. पेटीबरोबर तबला. दोन्ही अगदी हातात हात घालून चालले होते, मधेच एक जण चुकत होता आणि दुसरा खदखदून हसत होता.

तिनं दार ढकललं.

एकाच सतरंजीवर गुंडप्पा मास्तर आणि म्हाळू मास्तर बसले होते. मध्ये नीलाबाईंचा डबा उघडा.

पेटी थांबली. तबला थोडा पुढं जाऊन थांबला.

"मास्तर," प्रणिता म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले. "मी तीन महिने तुमचे निरोप वाहतेय. ओसरीवर माझा वर्ग मोडत चाललाय. अन् तुमी..."

म्हाळू मास्तरांनी खाली बघितलं. गुंडप्पा मास्तर उठले, त्यांनी दार नीट लावून घेतलं आणि सतरंजीवर तिच्यासाठी जागा केली. एक भाकरी तिच्या हातावर ठेवली, तिच्यावर चटणी घातली.

"बसा बाई. खोलीसाठी अर्ज किती केले तुमी?"

"तीन."

"आमी चार केलते, भांडायच्या आधी," म्हाळू मास्तर म्हणाले.

प्रणिताचा घास हातातच राहिला.

"आता रडू नका," गुंडप्पा मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी दहाला सुंदरराव येतेत. कुणाशी भांडता, माझ्याशी का म्हाळ्याशी?"