चौकी चौदाची पहाट

"काका, हे बघा. बाबा असे चालायचे का?"

स्वरालीनं लॅपटॉप दामोदरकडे वळवला. पडद्यावर एक जवान बर्फातून वाकून पुढे सरकत होता. निवृत्त सुभेदार दामोदरनं चष्मा पुसला आणि बराच वेळ बघितलं.

"डावा खांदा जरा खाली हवा," तो म्हणाला. "बाकी हुबेहूब भूषण."

कॉम्प्युटर गेम बाजारात यायला बारा दिवस उरले होते. पुण्याची एक कंपनी त्यावर तीन वर्षं खपत होती, आणि त्यांचा एकच हेका होता: सगळं खरं हवं. बंदुकीचं वजन, थंडीत लागणारा दम, बर्फावर बुटांचा आवाज, सगळं. त्यातली एक मोहीम होती चौकी चौदाची. तिथे तिचा बाप, पलटणीतला नायक भूषण, शहीद झाला तेव्हा स्वराली चार महिन्यांची होती. आता गेममध्ये ती स्वतः बापाच्या शेजारून चालणार होती. त्यासाठी तिनं ऑफिसात रजा टाकली होती आणि बबीना छावणीतल्या मराठी घरांना झाशीत, सीपरी बाजारातल्या आपल्या घरी जेवायलाच बोलावलं होतं. एरवी असल्या खेळांच्या नावानं बोटं मोडणारी तिची आई अनुराधा रोज सकाळी कॅलेंडरवरचा एक दिवस खोडत होती.

त्या पहाटेचा साक्षीदार म्हणून एकटा दामोदर उरला होता. कंपनीनं तीन दिवस त्याला बोलतं केलं आणि त्याच्याकडून नकाशाही काढून घेतला. समोरच्या कड्यावर शत्रू, पाठीशी आपली चौकी, मधे दोनशे मीटर बर्फ आणि दाट धुकं. भूषणनं गोळी छातीवर झेलली, हे घरी सांगितलेलंच त्यानं कंपनीलाही सांगितलं.

निवृत्तीनंतर दामोदर आपल्या गावी, साताऱ्याला गेला नाही. या मायलेकींसाठी तो झाशीतच राहिला. स्वरालीची शाळा, अनुराधाचं डोळ्यांचं ऑपरेशन, सगळीकडे तोच धावला. असा मित्र मिळायला नशीब लागतं, असं लोक म्हणत.

फोन वाजला. कंपनीची शमिका होती. स्वरालीनं हौसेनं स्पीकर लावला.

"स्वराली, थोडं अवघड बोलायचंय. तुम्ही पाठवलेल्या जाकिटाबद्दल."

भूषणचं ते जाकीट पलटणीतून आलेल्या काळ्या ट्रंकेत होतं. बावीस वर्षं अनुराधानं ट्रंक उघडली नव्हती. खंडेनवमीला ती झाकणावर बाहेरूनच हळदकुंकू वाहायची. कंपनीनं कपडे मागितले तेव्हा लेकीच्या हट्टापायी तिनं कुलूप काढलं, पण घडी मोडायची हिंमत झाली नाही. तसंच कुरिअर केलं.

"पाठीचं भोक लहान आहे," शमिका म्हणाली. "छातीवरचं मोठं, फाटलेलं. आम्ही दोन डॉक्टरांना दाखवलं. गोळी मागून शिरलीय. आणि दामोदर साहेबांच्या नकाशात मागे शत्रू नाहीच."

खाली रस्त्यावर ऑटोवाले हॉर्न वाजवत होते.

दामोदरनं फोन ओढून घेतला. "मॅडम, छातीवरच दाखवा. मी सांगतोय ना! जुना कपडा आहे, उंदरांनी कुरतडला असेल."

"सर, नीट तपासलंय. आम्ही खोटं दाखवू शकत नाही. त्यांची पाठ शत्रूकडे होती, एवढाच अर्थ निघतो. तसं दाखवायचं, की त्यांचं नावच काढून टाकायचं, ते घरच्यांनी संध्याकाळपर्यंत सांगावं."

"हात जोडतो तुम्हाला," दामोदर म्हणाला. पण फोन ठेवला गेला होता.

स्वराली त्याच्यासमोर येऊन बसली. रडू आवरताना ती नेहमी हिंदीत शिरायची.

"काका, सच बताइए. बाबा भाग रहे थे?"

"वेडी आहेस का? भूषण भित्रा नव्हता."

"मग पाठीत गोळी कशी?"

दामोदरनं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"सांगा, भावजी," अनुराधा म्हणाली. "आता मीही विचारतेय."

"वहिनी, त्या धुक्यात हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. माणूस आहे. अशा वेळी माणसाकडून काहीही होतं."

अनुराधानं डोळे मिटले. स्वरालीला रडू फुटलं. दामोदर मान खाली घालून बसून राहिला.

थोड्या वेळानं स्वरालीनं लॅपटॉप ओढला आणि दोनच ओळी लिहिल्या: बाबांचं नाव काढा. चेहराही काढा. मग तिनं बबीन्याला एकेक फोन लावला. "आंटीजी, वो प्रोग्राम कैंसल हो गया. नहीं, बस ऐसे ही." प्रत्येक फोननंतर तिचा आवाज आणखी बसत गेला.

अनुराधा उठली आणि दामोदरच्या पाया पडायला वाकली. तो दचकून मागे सरकला.

"पडू द्या, भावजी. बावीस वर्षं तुम्ही आमची अब्रू झाकलीत. लेकीला मान वर करून जगू दिलंत. आज तिनंच खोदून काढलं, त्याला तुम्ही काय करणार?"

दामोदरनं तिला थांबवलं नाही. तिनं चहा केला, तो त्यानं मुकाट्यानं प्यायला आणि चपला घातल्या.

त्या पहाटे भूषण कड्याच्या दिशेनंच धावत सुटला होता, तोंड शत्रूकडे करून. आणि धुक्यात हललेली त्याची आकृती शत्रूचीच समजून मागून गोळी झाडली होती ती दामोदरनं.