मूळ अज्ञात

“तिला गप्प कर, नाहीतर दोघी बाहेर व्हा!” संगीतकार ओरडला.

तिला म्हणजे स्वतःच्या मुलीला. पोरीला दात येत होते, ती रडणारच. कोपऱ्यातल्या खुर्चीत मुलीला छातीशी धरून बायको डुलत राहिली. बाहेर तरी कशी जाणार? सासूबाईंची अट होती, सून आणि नात शेजारी असतील तरच मी त्या खोलीत पाऊल टाकीन.

खोली म्हणजे घराच्या मागच्या बाजूचा स्टुडिओ. भिंतींना स्पंज, दाराला दुहेरी पडदा. आत कितीही आरडाओरडा झाला तरी शेजाऱ्यांना चाहूल लागत नसे. येणारेजाणारे या सोयीचं फार कौतुक करत.

बायकोच्या खुर्चीला टेकून तिची बॅग उभी होती. थोडे दिवस माहेरी जाते, असं ती सकाळी म्हणाली होती. “अल्बम होईपर्यंत कुणी कुठे जायचं नाही,” असं म्हणून त्याने तिच्या हातातला कप हिसकावून भिंतीवर फोडला होता. मग वादक मंडळी आली आणि त्याचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा झाला. मध आता उतरत चालला होता.

अल्बमचं सगळं जमून आलं होतं. वाळवंटातलं तंतुवाद्य, डोंगरातली बासरी, बेटावरचा ढोल. विजेवर चालणारं एकही वाद्य नाही. राहिला होता शेवटचा तुकडा, आणि त्याचा जीव होता एका गुणगुणण्यात. शब्द नसलेली एक चाल. आईच्या तोंडून लहानपणी ऐकली, एवढंच त्याला आठवत होतं. आईने ती कुठून आणली, हे आई सांगत नव्हती. त्याने देशोदेशीच्या जाणकारांना ती ऐकवली. कुणी म्हणालं मेंढपाळांची, कुणी म्हणालं खलाशांची. कारण ती कुठल्याच तालात बसत नव्हती. संथ चालता चालता मध्येच उसळायची, मात्रांचा पत्ता नाही, आणि तशीच अचानक खाली यायची.

“वाऱ्याचा ताल आहे हा,” मुलाखतींत तो डोळे मिटून सांगायचा. “आणि ही चाल मला नेहमी पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येते.” म्हणून आज त्याने माइकला लोकरीचा मफलर गुंडाळला होता. अल्बमच्या पाठीवर त्या चालीपुढे काय छापायचं तेही ठरलं होतं. मूळ अज्ञात.

“वहिनी, हिलाच घ्या की अल्बममध्ये,” ढोलवाला रडणाऱ्या पोरीकडे बघून म्हणाला. “सूर पक्का आहे. मानधन काय, वाटीभर दूध.”

बासरीवाला हसला. संगीतकार हसला नाही. तो माइकसमोर बसलेल्या आईकडे वळला.

“आई, घे. दोन ओळी फक्त.”

“मला येत नाही.”

“येत नाही? रोज म्हणायचीस!”

“रोज नाही,” सासूबाई म्हणाल्या.

त्याने समोरच्या स्टुलाला लाथ घातली. स्टूल ढोलावर जाऊन आदळलं. ढोलवाल्याने ढोल मागे ओढला आणि खाली मान घातली. “इतकी माणसं खोळंबलीत, आणि तुझा हट्ट सुटत नाही! एक चाल मागतोय, घर नावावर कर म्हणत नाहीये!” मग तो कोपऱ्याकडे वळला. “आणि तू! तुला सांगितलं होतं ना, पोरीला दूध पाजून आण म्हणून? एक काम धड होत नाही तुझ्याकडून!”

तेवढ्यात सासूबाई गुणगुणायला लागल्या.

अगदी हळू. बासरीवाल्याने मान वर केली. “हीच,” तो पुटपुटला.

संगीतकाराला भान नव्हतं. त्याने आवाज चढवला. चाल चढली. तो आणखी ओरडला, बॅगेवरून, माहेरावरून, सासऱ्यांवरून. चाल त्याच्याही वर गेली. तो दम घ्यायला थांबला, ती खाली आली. तो पुन्हा उसळला, तीही उसळली. ढोलवाल्याची बोटं नकळत ढोलावर तो ताल धरू लागली, आणि एकदम आखडली. त्याला कळलं होतं.

मग संगीतकारालाही ऐकू आलं. तो गप्प झाला. चाल उतरत उतरत थांबली.

“सापडला ताल?” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या वडिलांचा आहे. ते जसे ओरडायचे तशी मी वर चढायचे, तुझ्यापर्यंत पोचू नये म्हणून. आणि पाणीबिणी काही नव्हतं रे. तुझे दोन्ही कान मी दाबून धरलेले असायचे. छाप आता, मूळ काय ते.”

सासूबाईंनी माइकवरचा मफलर सोडला, नीट घडी घातली आणि सुनेकडे पाहिलं.

“तू मात्र हे गाणं शिकू नकोस, बाई.”

सून उठली. बॅग उचलायला ती हात पुढे करणार, तेवढ्यात तिला दिसलं. तो हात कधीचा मुलीच्या कानावर होता.