एका बोटाचं झाकण

"आता उघडेल बघा," कुणीतरी म्हणालं आणि कारखान्याच्या कँटीनमधल्या शंभरेक माणसांनी श्वास रोखला.

टीव्हीतल्या झगमगत्या मंचावर काळ्या कोटातले एक गृहस्थ नवा लॅपटॉप मिरवत होते. त्यावरचं नाव त्यांच्या कंपनीचं. बाकी सगळं, पहिल्या आराखड्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत, या इमारतीतलं. करारामुळे त्या कंपनीचं नाव इथे तोंडातून काढायची सोय नव्हती, म्हणून सगळे तिला 'थोरले जावई' म्हणत. मुलगी वाढवायची आपण, आडनाव लागायचं त्यांचं. थोरल्यांच्या कट्टर स्पर्धकाचे लॅपटॉप पलीकडच्या मजल्यावर बनत. ते 'धाकटे जावई'. आपला सासरा एकच आहे याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

पुढच्याच बाकावर लॅपटॉपच्या बिजागऱ्या आखणारी, म्हणून सगळ्यांची बिजागरीताई, मुठी आवळून बसली होती. झाकण एका बोटाने उघडलं पाहिजे आणि बूड टेबलावरून तसूभरही उचललं जाता कामा नये, हा थोरल्यांचा हट्ट होता. वर लॅपटॉप आणखी हलकाही करून हवा होता. हलकं बूड झाकणासोबत वर येणारच, हे त्यांना कोण सांगणार? तिने बिजागरी पुन्हा पुन्हा नव्याने आखली. आजच्या लॅपटॉपमधली तर अगदी शेवटच्या घटकेला बदललेली होती. जगासमोर बूड उचललं गेलं असतं, तर पुढचं मॉडेल दुसऱ्या कारखान्यात गेलं असतं आणि तिचा अख्खा विभाग घरी बसला असता.

गृहस्थांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला. बाही सावरली, पाण्याचा घोट घेतला. जीव टांगणीला लावण्यात माणूस पटाईत होता. मग त्यांनी एकच बोट पुढे केलं.

झाकण अलगद वर आलं. बूड जागचं हललं नाही.

कँटीन दणाणून गेलं. विभागाच्या साहेबांनी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. त्यांना शिट्टी येते हे सगळ्यांना आजच कळलं. बिजागरीताई बाकावर चढली, दोन उड्या मारून मग तिथेच उभ्याउभ्या रडू लागली. टीव्हीतले गृहस्थ झाकण मिटून परत परत उघडत होते. त्यांनाही राहवत नव्हतं.

"हे आम्ही आमच्या हातांनी घडवलं," ते छातीवर हात ठेवून म्हणाले, तेव्हा कँटीनमध्ये हशा पिकला. कुणालाही राग आला नाही. आज जावयाचे सगळे नखरे माफ होते.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. धाकटे जावई. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं, टीव्हीचा आवाज बंद करायला लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. सगळ्यांनी आपापली तोंडं दाबून धरली.

"टीव्ही बघितलात ना?" पलीकडचा आवाज पार घायकुतीला आला होता. "एका बोटाने उघडतंय हो. कोण माणूस धरलाय त्यांनी, कुणास ठाऊक. आम्हाला तसाच माणूस हवाय. कुठूनही शोधून आणा."

साहेबांनी बाकावर उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. ती ओढणीने नाक पुसत होती.

"शोधतो ना," साहेब अगदी गंभीर आवाजात म्हणाले. "पण खरं सांगू का? तसा दुसरा माणूस नाही."

फोन चालू होता, टाळ्या वाजवायची सोय नव्हती. कँटीनभर एकेक बोट वर झालं.