मधली भिंत

धर्मपाल साहेबांनी भिंतीवर बोटांनी टकटक केलं आणि पद्मिनीकाकूंच्या छातीत धस्स झालं.

ग्राहक आयोगाने पाठवलेले इंजिनिअर होते ते. तक्रार शेजारच्या परागची आणि त्याच्या बायकोची, सोनियाची. बिल्डरने दोन घरांमधली भिंत इतकी पातळ बांधली, की साधं बोलणंही आरपार जातं. बिल्डरचा वकील म्हणे, छे, तो जवळच्या भनपुरी रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज. आज तक्रार खरी ठरली, तर बिल्डरला मधे आणखी एक जाड भिंत घालून द्यावी लागणार होती.

"माताजी, आम्ही सगळे पलीकडे जातो," साहेब म्हणाले. "सोनिया मॅडम नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलतील. ऐकू आलं तर इथूनच उत्तर द्या. नाही आलं तर चूप बसा."

"माहे कान कुठं धड आहेत बाप्पा," काकू म्हणाल्या.

साफ खोटं. परागचे मोजे हरवले की या घरात कळायचं. त्यावरून सोनिया तडकली की काकू इकडे मनातल्या मनात तिचीच बाजू घ्यायच्या. पराग काही गमतीचं बोलला की तोंडाला पदर लावून हसायच्या. दोघं दारात भेटली तर "नमस्ते काकू", गाडीला किक आणि गायब. पण काका गेल्यापासून काकूंच्या घरात जे काही माणसांचं बोलणं होतं, ते या भिंतीतूनच यायचं. दिवाळीला दोघं गावी गेली, तेव्हा काकूंनी आपल्याच घरात रेडिओ मोठ्याने लावून ठेवला होता. काही उपयोग झाला नाही.

आता फक्त चूप बसायचं होतं. सोपं काम. त्यात तर काकूंचा हात कोण धरणार?

सगळे पलीकडे गेले. खुर्ची सरकली. वकील खाकरला. काकूंनी ओठ घट्ट मिटले.

"काकू," सोनियाचा आवाज आला, अगदी कानाशी बसल्यासारखा. "आज सकाळपासून तुमचा कुकर नाही वाजला. जेवल्या नाही काय?"

काकू भिंतीकडे बघतच राहिल्या. म्हणजे तिलाही इकडचं ऐकू जात होतं. रोज.

"भूकच नाही लागली वं," काकू म्हणाल्या.